टोरांटो ते टाउनशिप

दिगंबररावांनी मुलाच्या, विश्वासच्या प्रवासाचा तक्ता फ्रिजवर चिकटवला, तेव्हाच त्यांच्या दहावीतल्या मुलीला, नलिनीला हसू फुटलं होतं. पण शुक्रवारी बाबांची सेवानिवृत्ती. भोपाळच्या कारखान्यात, प्लॅनिंग विभागात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला शेवटच्या आठवड्यात कुणी हसावं?

विश्वासचा मेसेज एवढाच होता : 'बुधवारी रात्री दहाला टोरांटोहून निघतोय. सरळ दिल्ली.' बाकी सगळं बाबांनी भरलं. टोरांटो-दिल्ली साडेअकरा हजार किलोमीटर, चौदा तास; म्हणजे गुरुवारी दुपारी बारा. पुढे भोपाळ सहाशे, सव्वा तास. मधली धावपळ धरून सव्वातीनला दादा दारात!

"चार वर्षांनी येतोय, खास माझ्या निरोपासाठी," हे त्यांनी टाउनशिपच्या दूधवाल्यालासुद्धा सांगितलं.

गुरुवारी नलिनी शाळेतून आली, तोवर बाबा विभागातली पाच माणसं आणि झेंडूचे हार घेऊन विमानतळावर पोचलेही होते. तिनं फोन लावला.

"अहो बाबा, तिकडची घड्याळं साडेनऊ तास मागे आहेत! दादा अजून हवेत आहे, हवेत!"

"मग आधी नाही का सांगायचंस?"

"तक्त्याकडे बोट केलं तरी ओरडता तुम्ही!"

तोवर विभागातल्या सुधाकरकाकांनी एका गोऱ्यागोमट्या तरुणाला विश्वास समजून हार घातला होता. तो शेजारच्या मंडीदीपचा औषधविक्रेता निघाला. हार घेऊन गेला.

रात्री नवा तक्ता. शुक्रवारी सकाळी पुन्हा तीच वरात.

"काय बे दिगंबर, आज तरी येते ना पोट्टा?" नागपूरचे सुधाकरकाका जांभई देत म्हणाले.

सकाळच्या विमानातून दादा उतरला नाही, दुपारच्याही नाही; फोनही उचलेना. अकराचा समारंभ विभागानं चारवर ढकलला. समोसे गार पडले, मोठे साहेब तापले.

पावणेचारला हॉलच्या दाराशी बाबांचा फोन वाजला. नलिनी शेजारीच होती.

"बाबा, सॉरी हं, मीटिंगमध्ये होतो."

"अरे, कुठं आहेस? भोपाळचं विमान कितीचं?"

"भोपाळ? मी दिल्ली लिहिलं होतं ना. ऑफिसचं काम आहे, उद्या परत. तिकडे यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो हो."

"सव्वा तास रे फक्त."

"एअरपोर्टला जाणं-येणं धरा की! बरं, तुमचा निरोप आज होता ना? अभिनंदन!"

बाबांनी फोन खिशात ठेवला, कॉलर नीट केली आणि आत गेले.

"बेटा नहीं पहुँचा, दिगंबरजी?" साहेबांनी विचारलं.

"टोरांटो बहुत दूर है, सर," बाबा म्हणाले. "आज तो वहीं से नहीं निकल पाया."

नलिनीचं तोंड सवयीनं उघडलं होतंच. तिनं त्यात गार समोसा कोंबला.