टास्करचा एक टक्का

"फोन वाजला की उचलायचा. ओळखीचा असो, अनोळखी असो, उचलायचाच!" क्लॉडेट पेलटिएने कॉफीचा मग टेबलावर आपटून बजावलं.

तिच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसलेली माणसं म्हणजे ऑरिन टास्कर यांची न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका गावातली सगळी फौज होती. टास्कर मूळचे गुरांचे डॉक्टर, नेब्रास्कातल्या एका लहानशा गावाचे महापौर, आणि आता त्यांना अमेरिकेचं अध्यक्ष व्हायचं होतं. पक्षाच्या उमेदवारीसाठी मोठमोठी नावं रांगेत होती. टीव्हीवरच्या डिबेटच्या मंचावर चढायचं, तर राज्यातल्या मतचाचणीत निदान एक टक्का लोकांनी तुमचं नाव घ्यायला हवं, अशी पक्षाची अट होती. शेवटची चाचणी याच आठवड्यात होती. चाचणीवाले कुणाच्याही घरी अवचित फोन करत.

क्लॉडेटचा जीव त्या एका टक्क्यात अडकला होता. शाळेची बस चालवून निवृत्त झाल्यापासून दर निवडणुकीत ती एखाद्या कच्च्या लिंबाचा झेंडा खांद्यावर घ्यायची, आणि दर खेपेला तो कच्चा लिंबू मंचाची पायरी न चढताच घरी जायचा. त्यांच्या नावांच्या पाट्या गॅरेजमध्ये रचलेल्या होत्या. तिचा नवरा आर्मांद त्यांच्यावर बर्फ काढायचं फावडं टेकवून ठेवायचा.

फोन उचलण्याचा हुकूम सगळ्यांनी पाळला, आणि तिथूनच घोळ सुरू झाला.

"शुक्रवारी माझ्याकडे खिडक्या बदलायला माणूस येतोय," चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बर्निस दुसऱ्या दिवशी म्हणाली.

"तुझ्या खिडक्यांना काय धाड भरलीय?"

"काही नाही गं. पण तूच म्हणालीस ना, उचलायचा. इतका गोड बोलत होता बिचारा, नाही कसं म्हणू?"

बाकीच्यांना कंबरेचे पट्टे, गाडीचा विमा आणि इतर उमेदवार यांनी भंडावून सोडलं. सगळ्यांत जास्त फोन आले ते टास्कर यांच्याच कचेरीतून. एक डॉलर द्या म्हणून.

"अहो, दिला मी!" क्लॉडेट फोनवर ओरडली. "तुमच्या गावातली प्रचारप्रमुख बोलतेय मी!"

"वा, छान! मग आणखी एक द्याल?"

फोन ठेवला की ती बर्निसला लावायची, "आला का चाचणीचा?" बर्निस पुढच्याला लावायची, पुढचा त्याच्या पुढच्याला. आर्मांद सोफ्यावरून हे सगळं ऐकत होता.

"दिवसभर तुम्हीच एकमेकांशी बोलताय," तो म्हणाला. "त्या चाचणीवाल्याला लाइन मोकळी मिळणार कधी?"

हे बरोबर होतं, म्हणूनच क्लॉडेटला फार राग आला. तिने एकमेकांना फोन करायला बंदी घातली. मग चौकशी करायला सगळे गाड्या काढून एकमेकांच्या घरी जाऊ लागले, आणि घरोघरी फोन रिकाम्या खोल्यांत वाजत राहिले.

अखेर बातमी आली ती बर्निसकडून. हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या रोलांडला खरोखरच चाचणीचा फोन आला होता. क्लॉडेट गाडी घेऊन तडक दुकानात धडकली.

"रोलांड! सांगितलंस ना टास्करचं नाव?"

"नाही बुवा," रोलांड खिळे मोजता मोजता म्हणाला. "अजून ठरलं नाही म्हणालो."

"ठरलं नाही? तुझ्या अंगणात पाटी त्याची, तुझ्या ट्रकवर स्टिकर त्याचा!"

"पाटी वेगळी, मत वेगळं. आमच्या घराण्यात कुणी मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत ठरवलेलं नाही. शिवाय मी त्याला भेटलोय कितीदा? तीनदा! हात मिळवला, पण निवांत बसून बोलणं कुठे झालंय?"

"अरे, अध्यक्ष निवडायचाय की जावई?"

"जावयाला एवढं पारखलं नव्हतं, म्हणून तर आता पारखतो."

पक्षाचा उमेदवार ठरवायला देशात पहिलं मतदान त्या राज्याचं. उमेदवारांना उंबरे झिजवायला लावणं हा तिथल्या माणसांना जन्मसिद्ध हक्क वाटे. क्लॉडेटला हे चांगलं ठाऊक होतं, तरी तिने काउंटरवरची हातोडी उचलून पुन्हा जागेवर ठेवली.

घरी आली तेव्हा आर्मांद बीन्स खात बसला होता.

"फोन आला होता," तो म्हणाला. "चाचणीवाली पोरगी. मत कुणाला देणार, विचारत होती."

क्लॉडेट मटकन खुर्चीत बसली. आर्मांद टास्करचं नावसुद्धा घेत नसे. 'तुझा तो गुरांचा डॉक्टर' म्हणायचा.

"मग? काय सांगितलंस?"

"टास्कर."

तिने त्याच्या टकलाचा मुका घेतला. मग तिला शंका आली.

"पण तुला तर तो आवडत नाही."

"मुळीच नाही. पण हा इथेच गळला, तर तू दुसरा कुणीतरी शोधून आणशील. त्यापेक्षा चढू दे एकदाचा मंचावर. तुझी हौस फिटेल, माझं गॅरेज मोकळं होईल."

"म्हणजे पोरीला थाप मारलीस?"

"छे! नाव सांगितलं म्हणजे मत देणार. मी काय रोलांड आहे?"

बुधवारी निकाल लागला. टास्कर: एक टक्का. काठावर, पण पास! स्वयंपाकघरात नुसता जल्लोष झाला. बर्निस तर रडायलाच लागली. तेवढ्यात फोन वाजला. खुद्द टास्कर बोलत होते. क्लॉडेटने स्पीकर लावला.

"क्लॉडेट, तुमच्या लोकांमुळे मी मंचावर उभा राहणार आहे. हे उपकार मी विसरणार नाही. बरं, मतदानाच्या दिवशी तुमचं मत पक्कं धरू ना?"

क्लॉडेटने घसा खाकरला. दाराशी उभ्या असलेल्या रोलांडकडे पाहिलं. रोलांडने समजूतदारपणे मान हलवली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुमच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही. पण एवढ्यात कसं सांगू? आधी डिबेटमध्ये कसं बोलता ते बघू दे ना."

"बरोबर आहे," बर्निस डोळे पुसत म्हणाली. "मीही तेच म्हणणार होते."

आर्मांदच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"म्हणजे," त्याने विचारलं, "या अख्ख्या गावात त्याचं पक्कं मत माझं एकट्याचं?"