ओल्या भिंतीचा तपास

मी मनावर घेतलं आणि छडा लागला नाही, असं अख्ख्या मुळशी पेट्यात काही नाही! सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास होणं म्हणजे गंमत नव्हे.

तरी आमच्या सोप्यातली भिंत मला जुमानत नव्हती. आईने चुना फासावा आणि महिन्याभरात पुन्हा बुरशी! मला मिशी फुटायच्या आत भिंतीला दाढी आली. त्यापायी माझी दोन स्थळं गेली. मुलीकडचे घर बघायला यायचे आणि "लेक खोकून मरंल आमची" म्हणत अर्ध्या चहावरून उठायचे. आता बुधवारी नेऱ्याचे गेणबा आपल्या लेकीसाठी घर बघायला येणार होते.

"आई, ओल कुठून येते ते मी शोधणार!"

"नगं रं बाबा!"

मी लगेच कौलांवर चढलो.

"आरं वाल्मीक, चैतात कुटला पाऊस?"

"मागल्या सालचा साठला असेल!"

पाऊस सापडला नाही. अकरा कौलं फुटली.

मग संशय शेजारच्या गोजराबाईंवर. त्यांच्या न्हाणीचं पाणी आमच्या परसातून वाहायचं. "काकू, तुमच्या आंघोळीपायी माझं लग्न मोडतंय!" मी चारचौघांत सांगितलं. यात काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

"मुडद्या, माज्या आंगुळीवर डोळा ठिवतुयास व्हय?" म्हणून त्यांनी रागाने आंघोळच सोडली. पाच दिवस! आळीला वास कळला, भिंतीला काही फरक कळला नाही.

बुधवारी उजाडताच मी पहार घेतली आणि भिंतीवर घाव घालू लागलो. आई आतून ओरडली, "तितं नगं!" इतक्यात दारात गेणबा!

"बसा मामा, दोनच घाव राहिलेत!"

ते भिंतीखाली घोंगडीवर बसले. दुसऱ्या घावाला आरपार भोक पडलं, भसकन पाणी आलं आणि गेणबांच्या मांडीत खंडोबाचा टाक पडला. पाठोपाठ भैरोबाचा!

भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात देवांचा कोनाडा होता. त्यात पडद्याआड आईने सगळे देव मातीच्या परळात पाण्यात बुडवून ठेवले होते. परळ पाझरायचा. आई रोज पहाटे भरायची. माझा देवांशी संबंध परीक्षेपुरता, त्यामुळे पडदा कधी सारलाच नव्हता.

"तीन वर्सं झाली," आई रडकुंडीला आली. "तुजं लगीन जुळंस्तवर भाईर काढनार न्हाई, आसं बोलले व्हते. नवस कुनाला सांगायचा नसतुया!"

म्हणजे लग्न जुळेना म्हणून देव पाण्यात, देव पाण्यात म्हणून भिंत ओली आणि भिंत ओली म्हणून लग्न जुळेना! मी विजयाने म्हणालो, "पाहिलंत मामा? दोष भिंतीत नव्हताच!"

गेणबांनी दोन्ही टाक पटक्याच्या शेवाने पुसले, कपाळाला लावले, आईच्या हाती दिले.

"व्हय. भिंतीत न्हाई. तीन वर्सं देव पान्यात हायेत, तरी जुळंना. म्हंजी खोट पोरात हाय."

चहाला ते थांबलेच नाहीत.

देव आपण होऊन बाहेर आले, म्हणून आईने त्यांना परत बुडवलं नाही. भोक बुजवलं. भिंत आता खडखडीत कोरडी आहे. पाहुणे अजून येतात. भिंतीवरून हात फिरवतात, माना डोलावतात, खूश होतात.

मग मला बाहेर बोलावतात.