दादूतात्यांचा गवा

घरात येणाऱ्याला पाय धुवायला लावणारी माणसं सगळीकडं असतात. आमचे शेजारी दादूतात्या बाहेर पडणाऱ्याचे पाय धुवून घेतात. त्यांच्या गोठ्याच्या दारात धुण्याच्या सोड्याच्या पाण्याची परात असते. तिच्यात चप्पल बुडवल्याशिवाय तिथून राधानगरीच्या जंगलाकडं कुणाला जाता येत नाही. सरपंचालाही नाही.

तात्या एसटीचे निवृत्त कंडक्टर. नोकरीत त्यांनी कधी 'गाडी फुल्ल' म्हटलं नाही. 'जागा हाय, पुढं सरका' म्हणत माणसं कोंबली. आता जनावरांच्या साथीच्या रोगावर बोलतात. "लाळ्या-खुरकूत काय चालत जंगलात जातंय व्हय? आपली जनावरं न्हेत्यात त्याला. बिगर तिकीट."

आमच्या गावाचं मत अर्थातच अधिक प्रगत आहे. ग्रामसभेत ठराव झाला: गवे रोगराई पसरवतात, त्यांचा बंदोबस्त करावा. हात वर करणाऱ्यांच्या म्हशी त्या वेळी लस न टोचून घेता, तोंडाला लाळेच्या तारा घेऊन, गव्यांच्याच पाणवठ्यावर डुंबत होत्या. मी या ढोंगावर पत्रक काढलं. गावानं ते आवडीनं घेतलं. त्यात भजी चांगली बांधता येतात.

तात्या सभेत एवढंच म्हणाले, "आजारी पॅसिंजर आपला, आन् खाली उतरवताय कुणाला?" लोक हसले. बायको गेल्यापासून म्हाताऱ्याला गव्यांचं वेड लागलंय म्हणाले.

गवे कसले, गवा एकच. कळपानं टाकलेला म्हातारा नर. उन्हाळ्यात दिवस कलला की तात्यांच्या घरामागच्या परड्यातल्या हौदावर यायचा. तात्या लांब कट्ट्यावर बसून त्याला गावच्या बातम्या सांगायचे. माझ्याशिवाय त्यांच्याकडं सहसा दुसरं कुणी फिरकत नाही. सोड्यात पाय कोण बुडवणार?

यंदा गावातला रोग तात्यांच्याही गोठ्यात शिरला. म्हशीच्या तोंडाला फोड आले, आणि तीही त्याच हौदावर पाणी प्यायची. तात्यांनी हौद उपसला, सोड्यानं घासला, भोवती बोरीच्या काट्या रचल्या.

त्या संध्याकाळी मी कट्ट्यावर होतो. गवा आला, काट्यांपुढं थांबला, जोरात फुस्कारला. तात्यांनी मान फिरवली.

"पुढं जावा, पावणं. वर झऱ्याला पाणी हाय."

गवा हलेना.

"जावा की," तात्या म्हणाले. "गाडी फुल्ल हाय."

बऱ्याच वेळानं तो वळला, झाडीत गेला. तात्या उठले. त्यांना कुठंच जायचं नव्हतं, तरी परातीत पाय बुडवून अंधार पडेस्तोवर तिथंच उभे राहिले.