खुडूक बसलेली मावशी

दातांच्या डॉक्टरांनी पुन्हा एकदा "आ करा" म्हटलं आणि कंत्राटदाराने पुन्हा एकदा ओठ घट्ट मिटले. माणूस अंगापिंडाने दांडगा, त्याच्या नुसत्या आवाजावर भिंती उभ्या राहायच्या. पण सुई दिसली की त्याची दातखीळ बसायची. आणि दातांच्या डॉक्टरला दातखीळ बसलेल्या रोग्याइतका निरुपयोगी रोगी दुसरा नाही.

तेवढ्यात मागचं दार ढकलून मावशी आत आली.

मावशी म्हणजे कोंबडी. दवाखान्यामागच्या अंगणात डॉक्टरांच्या बायकोने पाच कोंबड्या पाळल्या होत्या आणि स्वभाव बघून त्यांची नावं ठेवली होती. पुढारीण दाण्यांवर पहिला हक्क सांगायची आणि मध्ये येईल तिला टोचायची. नवरी सदा कुणाच्या तरी आड लपलेली. दोघी जावा एकमेकींवाचून राहत नसत आणि एकमेकींशी त्यांचं पटतही नसे. मावशीला मात्र दाण्यापेक्षा मांडी प्रिय. बसलेला माणूस दिसला की ती त्याच्या मांडीवर चढून डोळे मिटायची. दवाखान्यात कोंबड्यांना सक्त मनाई होती. ही गोष्ट डॉक्टरांनी कोंबड्या सोडून सगळ्यांना बजावली होती.

मावशी कंत्राटदाराच्या मांडीवर ऐसपैस बसली. डॉक्टर तिला हाकलायला पुढे झाले.

"असू द्या," कंत्राटदार कुजबुजला. "झोप लागतीये तिला."

तिची झोप मोडू नये म्हणून तो तोंड उघडून दगडासारखा बसून राहिला. दाढ निघाली तरी त्याने हूं की चूं केलं नाही.

त्याच्या पोटात गोष्ट राहणं शक्यच नव्हतं. लवकरच काउंटरवरच्या बाईंना फोन येऊ लागले.

"आज कोंबडी आहे का?"

"डॉक्टर आहेत," बाई सांगायच्या.

"ते असू देत हो. कोंबडी कितीपर्यंत बसते?"

डॉक्टरांना हे लागलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताला गुण आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. आता जो तो मावशीच्या हाताला गुण आहे म्हणत होता, आणि मावशीला तर हातच नव्हते. पण बाकड्यांवर जागा पुरेना, तेव्हा त्यांनी राग गिळला आणि प्रत्येक रोग्याच्या मांडीवर घालायला धुतलेले टॉवेल आणून ठेवले.

अशातच एका सकाळी मावशी खुराड्यातून उठेना. पिसं फुलवून ती कोपऱ्यातल्या पेंढ्यावर बसून राहिली.

"खुडूक बसलीय ती," बायको म्हणाली. "तिला आता पिल्लं हवीत."

"अगं, पण खाली एकसुद्धा अंडं नाहीये."

"ते तुम्हीच तिला समजावून सांगा."

डॉक्टरांनी हात घातला आणि बोटाला चोच खाऊन परत घेतला. "गार पाण्यात बुडवली की हे खूळ उतरतं म्हणतात," ते बोट चोखत म्हणाले.

"तुम्हाला बुडवलं तर तुमचा राग उतरेल का? बसू दे तिला."

मग बदली कोंबड्यांचा प्रयोग झाला. पहिल्याच रोग्याने आ केला, आत सोन्याचा दात चमकला आणि पुढारणीने मान लांब केली. रोगी टॉवेलसकट पळाला. नवरी डॉक्टरांच्या कोटात शिरली आणि दुपारपर्यंत बाहेर आली नाही. जावांना जोडीने बसवलं, तर त्या एका बाईच्या मांडीवर अशा कडाकडा भांडल्या की तिने दातांचा नादच सोडला. बाकडी हळूहळू रिकामी पडली.

त्यात आरोग्य खात्याचे निरीक्षक आले. चौकातल्या दुसऱ्या दंतवैद्याने तक्रार केली होती, की इथे रोग्यांच्या अंगावर कोंबड्या सोडतात. खरं निघालं असतं तर दवाखान्याला टाळंच लागायचं. पण डॉक्टर निर्धास्त होते. मावशी खुराड्यात होती आणि बाकीच्यांना बायकोने कोंडून ठेवलं होतं.

निरीक्षकांनी एका गालावर हात ठेवून खुर्चीखाली पाहिलं, कपाट उघडलं, पडदा सारला.

"कोंबडी नाही म्हणता?"

"नाही."

"एकही नाही?"

"एक पीस सापडलं तरी बंद करा दवाखाना."

निरीक्षक मटकन खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा पडला होता. "मग माझं कसं व्हायचं?" ते म्हणाले. "तक्रार वाचली आणि साहेबांना म्हटलं, मीच जातो. दाढेनं झोप नाहीये हो मला. आणि सुईला मी फार घाबरतो."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. हा सापळाही असू शकत होता. पण मागच्या दारातून बायको म्हणाली, "अहो, माणूस कळवळतोय नुसता. आणा त्यांना मागं."

खुराड्याच्या दाराशी स्टूल मांडलं. बायकोने एका हातात ट्रे आणि दुसऱ्या हातात बॅटरी धरली. निरीक्षकांनी मावशीकडे मोठ्या आशेने पाहिलं आणि तिला कुरवाळायला हात पुढे केला.

"हात नका लावू," डॉक्टर म्हणाले, पण तोवर मावशीने बोट चोचीत धरलं होतं.

निरीक्षकांचं तोंड कधी नव्हे एवढं उघडलं. डॉक्टरांचा इतक्या वर्षांचा अनुभव त्या क्षणी कामाला आला. सुई गेली आणि बाहेरही आली, तरी निरीक्षक बोटाकडेच बघत होते. थोड्या वेळाने दाढ निघाली, तेव्हाही ते बोटावरच फुंकर घालत होते.

"दाढेचं काही कळलंच नाही," कापसाचा बोळा सांभाळत ते म्हणाले. "बोट मात्र चांगलंच ठणकतंय."

बायकोने बोटाला पट्टी बांधली. "दवाखान्यात कोंबडी आढळली नाही, असं कळवतो," निरीक्षक म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं. पट्टीचं बोट वर धरून ते बाहेर पडले आणि रस्त्यात जो भेटला त्याला त्यांनी त्या बोटाची हकिगत सांगितली.

दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या बाई फोनवर हात ठेवून आत डोकावल्या.

"डॉक्टर, मांडीवर बसणारी नकोय म्हणतायत. चावणारी आहे का?"

"कोंबडी चावत नाही, टोचते," डॉक्टर हात धूत म्हणाले. "आणि टोचणारीच हवी असेल, तर चार जणी रिकाम्याच आहेत म्हणावं."