नवाबाची सात कडी

म्हाळबा तात्या समोरून आले की आपल्या तोंडाकडे बघत नाहीत. आपल्याबरोबर एखादं जनावर असेल तर त्याच्या शिंगांकडे बघतात, आणि नसेल तर, हा माणूस असा मोकळाच कसा काय फिरतो, अशा चेहऱ्याने बघतात. माझी-त्यांची पहिली भेट चौसाळ्याच्या बाजारात झाली. मी एका मेंढ्याचा जबडा उघडून दात मोजत होतो. पाठीमागून आवाज आला, "त्येला कावून इचारायलात? त्ये लबाड हाय."

मला वाटलं, मेंढ्याबद्दल बोलतायत. ते दातांबद्दल बोलत होते.

मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पर्यवेक्षक आहे. गावं मला डॉक्टर म्हणतात आणि मी ती चूक दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडत नाही. जनावराचं वय दातांवरून काढायचं असं आम्हाला शिकवलेलं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला, म्हणजे सगळे दात आलेला. तात्यांचा आक्षेप असा की एकदा तोंड जुळलं की दात गप्प बसतात. "चार सालापस्तोर दात बोलत्यात. म्होरं काय इचारायचं ते शिंगाला इचारा. शिंग मरस्तोर बोलतंय."

आणि त्यांनी माझ्यासमोर त्या मेंढ्याच्या शिंगाला विचारलं. विचारायची पद्धत अशी. डोळे मिटायचे आणि उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख शिंगाच्या मागच्या बाजूने टोकाकडून बुडाकडे ओढत आणायचं. नख अडखळलं की एक कडं. उन्हाळ्यात चारा आटतो, शिंगाची वाढ थांबते, तिथे खाच पडते. पाऊस झाला की शिंग पुन्हा पुढे चालू लागतं. म्हणजे एक कडं म्हणजे एक उन्हाळा, आणि दोन कडी जितकी खेटून, तितकं मधलं साल उपासाचं. पुढून तर सगळं शिंगच सुरकुतलेलं दिसतं, पण खरं कडं मागच्या बाजूलाही लागतं, नुसती सुरकुती पुढेच संपते. "पुढून समदेच म्हातारे दिसत्यात," तात्या डोळे न उघडता म्हणाले. "पाच. आन तिसऱ्या साली ह्यो लई उपाशी ऱ्हायलाय."

विकणारा माणूस शपथेवर तीन वर्षांचा सांगत होता. त्याने तात्यांकडे असं बघितलं की मी मध्ये पडलो नसतो तर त्या दिवशी मला माणसावर मलमपट्टी करावी लागली असती.

या कामासाठी त्यांनी उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं आहे. त्याची निगा अशी ठेवतात की गावातल्या न्हाव्यालाही त्याला हात लावायची परवानगी नाही. लाकूड फोडायचं असलं की त्यावर चिंधी बांधतात. एकदा सोसायटीत कागदावर अंगठा द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी शाईच्या पॅडकडे संशयाने बघून डावा पुढे केला होता.

तात्यांची वाडी लिंबागणेशच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला आहे. तिथे ते एका खोलीत एकटे राहतात. शेजारी पुतण्या अंकुश आणि त्याची बायको सुनीता. साठ-सत्तर मेंढरं तात्या आणि अंकुशच्या भागीत. गेली दोन वर्षं लसीच्या निमित्ताने माझं तिथे जाणं-येणं आहे. लस टोचून झाली की तात्या माझी शिकवणी घेतात. माझ्या अंगठ्याचं नख त्यांना पसंत नाही, पण तरीही "डाक्टरला मी शिकवलंय" हे ते पार नांदूरघाटपर्यंत सांगून आलेत.

एकदा गंमत म्हणून मी त्यांना मोबाईलवर अमेरिकेतल्या डोंगरी मेंढ्याचा व्हिडिओ दाखवला. गाडीच्या चाकाएवढी वळलेली शिंगं! तिकडचे शास्त्रज्ञही शिंगांच्या कड्यांवरूनच त्याचं वय काढतात, हे सांगितल्यावर तात्यांना जराही नवल वाटलं नाही. "मंग आनखी कशावरून काढतील बे?" ते म्हणाले. एरवी ते मला कधी 'बे' म्हणत नाहीत. त्यांनी फोन हातात घेतला आणि सवयीने डोळे मिटून काचेवर नख ओढलं. मेंढा गेला आणि एक बाई केक बनवायला लागल्या. तीन वेळा असं झाल्यावर तात्यांनी डोळे उघडे ठेवायचं कबूल केलं. मग फोन नाकाला लावून बराच वेळ बघितलं. "नऊ. आन चौथ्या साली त्येच्या डोंगराला गवत नव्हतं बगा. कुणी चारा घातला न्हाई का तिकडं?" दिवसभर त्यांना त्या परक्या मेंढ्याची चुटपुट लागून राहिली.

असा हा मोजणीत कधी न चुकणारा माणूस स्वतःच्या वयाचा हिशेब मात्र भलताच सांगतो. आधारकार्डावर त्यांची पासष्ट उलटलेली आहेत. तात्या म्हणतात, चौसष्ट. यावरून ते एस.टी.त भांडतात. पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट मिळतं, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. वयाची दोन-चार वर्षं वाढवून सांगणारे सगळ्यांनी बघितलेत. पण "मला फुल्ल द्या, मी चौसष्टचा हाय," म्हणून कंडक्टरशी हुज्जत घालणारा उभ्या बीड जिल्ह्यात हा एकच. वाडीत यावर भरपूर चेष्टा चालते. तात्याला पुन्हा बाशिंग बांधायचं असेल, असं कुणीतरी म्हणालं तेव्हा मीही खदाखदा हसलो होतो. तात्या नखावरची चिंधी सोडत बसले होते.

आता नवाबाबद्दल सांगायला हवं. नवाब हा तात्यांचा मेंढा. काळा, रुंद कपाळाचा, दोन वेढ्यांच्या शिंगांचा. नावाप्रमाणेच वागतो. कळप वाडग्यात, म्हणजे काटेरी कुंपणात, शिरला की हा एकटा तात्यांच्या दारात येऊन उभा राहतो. मग तात्या एका पोचे आलेल्या जर्मनच्या वाटीत मूठभर मका आणतात आणि स्वतः धरून खाऊ घालतात. एकदा सुनीताने त्या वाटीत मला शेंगा दिल्या तर तात्यांनी शेंगा माझ्या रुमालात ओतल्या आणि वाटी धुऊन जागेवर ठेवली. मी त्याही वेळी मनात म्हटलं, म्हातारा विक्षिप्त आहे खरा.

तात्यांचा एक कायदा आहे. आठवं कडं पडलं की मेंढा कळपात ठेवायचा नाही. म्हातारा मेंढा धड पैदास देत नाही आणि तरण्या मेंढ्यांना जवळ येऊ देत नाही, सगळ्या कळपाचं नुकसान. बाजार दाखवायचा. हा कायदा त्यांनी स्वतःच्या मेंढ्यांना लावला, भावकीतल्यांना लावला, आणि मागच्या वर्षी अंकुशलाही लावला. अंकुशचा मोती नावाचा मेंढा होता. तात्यांनी डोळे मिटून आठ मोजली आणि अंकुशने तोंडातून अक्षर न काढता मोतीला बाजारात नेलं. परत आला तो दोन दिवस जेवला नाही, असं सुनीता मला म्हणाली होती.

यंदा दसरा झाल्यावर मी जनावरांच्या नोंदी करायला वाडीवर गेलो. कानात बिल्ला मारायचा आणि वय लिहायचं. नवाबाची पाळी आली. "सात," तात्या म्हणाले.

"आठ," अंकुश म्हणाला.

मी लिहायचा थांबलो. पाच-सहा माणसं जमली होती, ती जवळ सरकली.

"तात्या, कायदा कुणाचा हाय?" अंकुशने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागणारा होता.

"माजा."

"मंग माज्या मोत्याला एक आन नवाबाला एक, असं हाय का त्यात?"

"सात हायेत. मी मोजलीत."

"डाक्टरला मोजू द्या. तुमीच शिकवलंय न्हवं?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "डाक्टर दात बघणारा माणूस. त्येला शिंगातलं काय कळतंय?" दोन वर्षं नांदूरघाटपर्यंत माझी जाहिरात करणारा माणूस हे बोलला, आणि मला, खरं सांगतो, राग आला. शिष्याचा असतो तसला राग. मी पिशवी खाली ठेवली, नवाबाचं शिंग धरलं आणि डोळे मिटले.

एक. दोन. तीन. चार. पाच. पाचव्याला खेटून नख पुन्हा अडखळलं. मी मागे आलो, पुन्हा ओढलं. दोन खाचा होत्या, मध्ये गव्हाच्या दाण्याएवढीही जागा नाही. वरवर बोट फिरवणाऱ्याला एकच वाटावी अशी जागा. पण मागच्या बाजूलाही दोन्ही लागत होत्या. सहा. मग सात. आठ.

इथे मी नुसतं 'आठ' म्हणून गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण मला माझं शिक्षण दाखवायचं होतं. मी बुडाकडून वर्षं मागे मोजली आणि मोठ्याने म्हणालो, "तात्या, हे तीन पावसाळ्यांमागचं साल. त्या साली तर पाऊस भरपूर होता. अंकुशच्या सगळ्या मेंढ्यांच्या शिंगांवर त्या साली हे एवढालं अंतर आहे. मग एकटा नवाबच कसा उपाशी राहिला?"

मी डोळे उघडले. सुनीता पदर तोंडाला लावून घरात निघून गेली. तात्या नवाबाच्या पाठीवरचा कचरा एकेक करून वेचत होते. मला काहीतरी चुकल्याचं कळलं, पण काय ते कळेना.

अंकुश पुढे आला. त्याने शिंगावर अंगठा ठेवला, नेमका त्या दोन खाचांवर, आणि तो तिथून हलवलाच नाही.

"सात हायेत, डाक्टर," तो म्हणाला.

"अरे पण आत्ता तूच..."

"माजं चुकलं. ही दोन न्हाईत, एकच हाय. सात लिवा."

मी सात लिहिलं.

मला बीडला जायचं होतं आणि तात्यांनाही घोंगडीसाठी लोकर द्यायला जायचं होतं, म्हणून आम्ही बरोबरच उतरून फाट्यावर आलो. बस यायला वेळ होता. तात्या मैलाच्या दगडावर बसले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तेच बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

"नवाबाची माय व्यायल्यावर चार दिसात मेली. गिरजानं त्येला वाढवलं. शेळीचं दूद त्या वाटीत पिळून बोटानं चाटवायची. म्होरं एवडा दांडगा झाला तरी तिच्या हातचा मका खाल्ल्याबिगर बसायचा न्हाई." त्यांनी डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे बघितलं. "गिरजा नागपंचमीच्या आदल्या हप्त्यात गेली. तुमी आमच्याकडं यायच्या आदल्या साली. तुमाला कुठं ठावं."

त्यांची बायको वारलेली आहे एवढं मला माहीत होतं. कधी, ते मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मेंढरांच्या सात पिढ्या विचारल्या होत्या.

"त्या साली पाऊस लई झालता. गवत गुडघ्याला लागायलतं. आन ह्यो दारात हुबा. मी वाटी घिऊन गेलो की माज्या हाताकडं बगायचा आन त्वांड फिरवायचा. रानात न्ह्यावं तर तिथंबी नुसता हुबा. मला तरी कुठं भाकर गोड लागायलती? सुनी ताट ठिवून जायची, ते तसंच. दोगंबी एकमेकाकडं बगत बसायचो." तात्यांनी नखाने दगडावरचा चुना उगाच खरवडला. "फुडला पाऊस लागला, तवा एक दिवशी वाटीत त्वांड घातलं त्येनं. मग मीबी जेवलो त्या दिवशी."

लांबून बस दिसली. तात्या उठले.

"त्या साली आमी दोगंबी वाढलो न्हाई, डाक्टर. जे साल जगलोच न्हाई ते कशाला धरायचं?"

बाशिंगाच्या विनोदावर मी किती जोरात हसलो होतो तेवढंच आठवत राहिलं, आणि लाज वाटली. आजही वाटते.

बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. कंडक्टर नवा होता. त्याने तात्यांच्या पांढऱ्या मिशांकडे बघितलं आणि आपणहून म्हणाला, "बाबा, अर्धं ना? आधारकार्ड दाखवा."

"फुल्ल द्या. चौसष्टचा हाय मी."

"अहो बाबा, कशाला उगीच? चांगले पासष्टच्या पुढचे दिसता. कार्ड काढा बघू."

तात्या भांडायच्या तयारीने सावरून बसले. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, त्या जपलेल्या नखाच्या जरा अलीकडे.

"पूर्णच द्या," मी कंडक्टरला म्हणालो. "चौसष्टच आहेत. मी स्वतः मोजलेत."

"तुम्ही कोण यांचे?"

"मी जनावरांच्या दवाखान्यात असतो," मी सांगितलं.

कंडक्टरने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि मुकाट्याने दोन पूर्ण तिकिटं फाडून दिली. तात्यांनी आपलं तिकीट नीट घडी करून खिशात ठेवलं. मग माझा अंगठा हातात घेऊन, उलटसुलट करून बघितला.

"जरा वाढवा आता ह्ये," ते म्हणाले.