माधुरीकाकूंचे चौकोन

आमच्या नोएडाच्या सोसायटीत ‘गीला पेंट’ अशी पाटी लागली, की माधुरीकाकू आधी बोट लावून बघतात. “लिहिलंय खरं, पण बघायला नको?” दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात जॅकेट घेताना दुकानदार चेन मजबूत असल्याची शपथ घेतो; काकू त्याचा चेहरा पडेपर्यंत ती वरखाली करतात. “भैया, बोलने से चेन नहीं चलती!”

काकू शाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्यांना आलेख काढणारं एक सॉफ्टवेअर सापडलं. फुकट, आणि कोणीही त्यात भर घालावी असं. पण त्याची ऑनलाइन माहितीपुस्तिका वाचून काकू भडकल्या. मी आयटीतली म्हणून मला जिन्यातच गाठलं. “अगं मिनी, पानंच्या पानं कोड, नि सगळा मढ्यासारखा निपचित!”

मग त्यांनी पुस्तिकेतल्या उदाहरणांखाली चौकोन बसवायला घेतले. चौकोनातला कोड बदला, बटण दाबा, आलेख तिथल्या तिथे बदलतो. आकडे मात्र काकूंचे: दिवाळीत कोणी किती चकल्या खाल्ल्या. सगळ्यांत उंच खांबावर ठळक अक्षरांत ‘मिनी’. कोड चुकला, तर एरवी येणाऱ्या लाल अक्षरांतल्या शिव्यांऐवजी इंग्रजीत उत्तर यायचं: ‘बिघडलं? वा! परत कर.’

सॉफ्टवेअर सांभाळणारी मंडळी परदेशातली. त्यांनी कळवलं, पान उघडायला वेळ लागतोय, चौकोन काढावे लागतील. काकूंनी व्हिडिओ कॉल मागितला आणि मला शेजारी बसवलं. “माझा आवाज फारच चढला, तर पायावर पाय दे.”

पलीकडचा दाढीवाला वेगाबद्दल शांतपणे समजावत होता. काकूंनी त्याला मध्येच तोडलं. “ते राहू दे. आधी मिनीच्या चकल्या वाढव.”

बिचाऱ्याने वाढवल्या. माझा खांब पानाबाहेर गेला. तो हसला, त्याने आणखी वाढवल्या, मग उणे आकडा घालून मला जमिनीखाली पुरलं. शेवटी वेगाच्या मुद्द्याची आठवण आम्हीच त्याला करून दिली. तोडगा निघाला: वाचणाऱ्याने दाबलं, तरच चौकोन जागा होईल, म्हणजे पान उघडायला वेळ लागणार नाही.

संध्याकाळी मी पेढे घेऊन वर गेले. दार उघडंच होतं. काकूंचे यजमान, विनायककाका, लॅपटॉपपुढे बसले होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर ते फारसं बोलत नाहीत, कोणासमोर येतही नाहीत. डाव्या हाताच्या बोटाने त्यांनी एक आकडा बदलला, बटण दाबलं. खांब सरसर वर चढला. काका खुदकन हसले.

“वाचायला दमतात गं,” काकू हळूच म्हणाल्या. “पण दाबलं नि काही हललं, की त्यांना कळतं, आपल्यामुळे हललं.”

काकांनी पुन्हा काहीतरी दाबलं. या वेळी चुकलं. पडद्यावर काकूंचं ‘बिघडलं? वा! परत कर.’ उमटलं. काकू चष्मा पुसत शेजारी बसून राहिल्या. काका सावकाश, एकेक अक्षर शोधत होते.