सुक्या वजनाचे वडनेरे सर

वडनेरे सर कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्चीच्या पाठीवर बोटाच्या पेरानं ठकठक करतात, कान देऊन ऐकतात आणि मगच टेकतात. आमच्या मजल्यावरचे आजोबा वारले तेव्हा सर आणि मी भेटायला गेलो. आत बायका रडत होत्या आणि सर आजोबांचा पलंग ठोकून बघत होते. वर आजोबांच्या मुलाला म्हणाले, "साग म्हणून घेतलात ना? फसवलं तुम्हाला." त्या घरातलं कुणी आजही सरांशी बोलत नाही. पलंग मात्र महिन्याभरात विकला त्यांनी.

नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत सर माझ्या समोरच्या दारात राहतात. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. सुट्टी लागली की जगातली माणसं महाबळेश्वरला जातात, हे पेठ-सुरगाण्याच्या जंगलात जायचे. कशाला? तर लाकडाची घनता मोजायला. झाडाचा मूठभर तुकडा आणायचा, पाण्यात बुडवून त्याचं आकारमान काढायचं, भट्टीत वाळवायचा आणि मग तोलायचा. भट्टी म्हणजे सरांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा ओव्हन. काकूंनी नानकटाईसाठी हौसेनं घेतलेला. त्यात जन्मभर ऐन-धावड्याचं लाकूड भाजलं गेलं.

"ओल्या वजनावर जाऊ नये," सर सांगायचे. "त्यात निम्मं पाणीच असतं. वाळवा, मग बोला." हा नियम त्यांनी माणसांनाही लावला. कुणी जावयाचं पॅकेज सांगितलं की यांचं ठरलेलं, "हे ओलं झालं. सुकं किती?" मी अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर झालो, पेढे घेऊन गेलो. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "ओलं आहे अजून. दोन वर्षं जाऊ दे." पुढं मंदी आली आणि मी होतो तिथंच परत आलो. असला माणूस बरोबर निघाला की जास्तच राग येतो.

एकदा मी विचारलं, "सर, खैर जड, सावर हलकी. एकेक तुकडा पुरे की. हा ढीग कशाला?"

सर भडकलेच. "एका आईची दोन पोरं सारखी असतात का रे? मुरमाड उतारावरचा ऐन वेगळा, ओढ्याकाठचा वेगळा. अरे, एकाच झाडात गाभा वेगळा आणि सालीजवळचं लाकूड वेगळं! तुम्हाला सगळ्याची सरासरी काढायची घाई."

त्या उतारांवर आता रिसॉर्ट झालेत. तिथल्या झाडांचं जे काही उरलं ते सरांकडच्या तुकड्यांत, प्रत्येकावर पेन्सिलीनं झाडाचं नाव आणि गाव.

सर निवृत्त झाले तेव्हा कॉलेजला एसी सेमिनार हॉल हवा होता, म्हणून नमुन्यांची खोली रिकामी करायला सांगितली. शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि टेंपोभर लाकडं घरी पाठवून दिली. कांद्याच्या गोण्यांत भरून ती आली. कॅनडातला मुलगा म्हणाला, "फेकून द्या ना, बाबा." सर कितीतरी संस्थांना फोन करत राहिले. ज्ञानाची कदर सगळ्यांनाच असते हो, गोण्या ठेवायला जागा तेवढी कुणाकडे नसते.

आणि यंदा बंगळुरूच्या एका संस्थेतल्या बाई हो म्हणाल्या! होळीच्या दुसऱ्या दिवशी टेंपो पाठवते म्हणाल्या. त्या आठवड्यात मी सरांना पहिल्यांदा शीळ घालताना ऐकलं. आम्ही दोघांनी गोण्या खाली आणून जिन्याखाली रचल्या. होळीच्या दिवशी संध्याकाळी सर गोण्यांची तोंडं शिवायला सुतळी आणायला बाजारात गेले.

काकूंना वर्षभरापासून विसर पडतो. गॅस चालूच राहतो, कधी मुलाचं नावच आठवत नाही. सर त्यांना एकटं सोडत नाहीत, त्या दिवशी अर्धा तास म्हणून सोडलं आणि बाजारातल्या गर्दीत दोन तास गेले. नेमके तेव्हाच आमचे सेक्रेटरी आहेर होळीसाठी दारोदार लाकडं मागत फिरत होते. जिन्याखालच्या गोण्या कुणाच्या आणि कशाच्या, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या त्यांच्या डोळ्यांत सलत होत्या. तरी विचारलं कुणाला, तर काकूंना.

"न्या की," काकू म्हणाल्या. "होळीला लाकूड मागितलं तर नाही म्हणू नये."

आहेरांनी एका दगडात दोन पक्षी मारले.

मी कामावरून आलो तेव्हा होळी चांगली पेटली होती आणि सर सुतळीचा गुंडा घेऊन तिच्यासमोर उभे होते. सावर केव्हाच भडकून संपली होती. धावडा आत्ता कुठं धरत होता. एका तुकड्यावरची 'हरसूल' ही अक्षरं मला दिसली, मग तीही काळी पडली. मी आहेरांच्या अंगावर धावून गेलो.

"मला काय बोलता? काकूंनीच दिलं," आहेर म्हणाले. "लय दिवसांची अडगळ होती, गेली एकदाची."

सरांनी माझं मनगट घट्ट धरलं. "मीच सांगितलं होतं तिला," ते आहेरांना म्हणाले. "तिचं काही चुकलं नाही."

तेवढ्यात काकू चांगली साडी नेसून, हातात नारळ घेऊन खाली आल्या.

"अगंबाई, काय छान पेटलीय! कसली हो लाकडं ही?"

सरांनी आगीकडे पाहिलं. त्यातला एकेक तुकडा ते नावानिशी ओळखत होते.

"आंब्याची," ते म्हणाले. "कुणीतरी फांद्या तोडल्या होत्या."

"आणि आपण दिलं का काही?"

"दिलं की. तूच दिलंस."

काकूंना बरं वाटलं. थोडा वेळ त्या ज्वाळांकडे बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "अहो, उद्या तुमचा टेंपो यायचाय ना? लवकर उठायला हवं."

सरांनी त्यांच्या हातातला नारळ घेतला.

"उद्याचं रद्द झालं," ते म्हणाले. "चल, प्रदक्षिणा घालू."